जंगलच्या औषधांचं पुस्तक अन् डॉक्टर कीर्तिकर : मरणानंतर छापलेला ग्रंथ दुसऱ्यांनी पुढं नेला

आदिलाबाद : उटनूर, इंद्रवेल्ली, जैनद भागात एकाच झाडाला तीन-चार नावं असतात, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. मराठी घरात जो हिरडा, तो तेलुगू घरात करक्काया. बेहडा म्हणजे तानी, आवळा म्हणजे उसिरी, पळस म्हणजे मोदुगा, मोह म्हणजे इप्पा. गोंड-कोलाम वस्तीत गेलं की पुन्हा वेगळी नावं. बाजारहाटात यावाचून कुणाचं अडत नाही. बोटानं दाखवलं की झालं. पण औषध द्यायचं असलं की पंचाईत होते. नाव ऐकून भलतंच मूळ उगाळलं तर रोगी हातचा जातो.

ही पंचाईत सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी डॉक्टरला नीट कळली होती. नोकरीतून मोकळं झाल्यावर त्यानं दुसऱ्या एका निवृत्त डॉक्टरबरोबर मिळून असं पुस्तक तयार केलं, की वनस्पतीशास्त्राचे नि आयुर्वेदाचे विद्यार्थी आजही त्याचं नाव घेतात. पुस्तकाचं नाव ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’, अन् डॉक्टरांचं नाव कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पुस्तक कॉलेजांतून माहीत आहे, माणूस मात्र मराठी मुलखातच बऱ्याच जणांना माहीत नाही. हाच माणूस मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता, हे सांगितलं तर कित्येकांचा विश्वास बसायचा नाही.

कीर्तिकर मुंबईचे. एकोणिसावं शतक अर्धं सरत होतं तेव्हाचा त्यांचा जन्म, पाठारे प्रभू समाजातला. रणछोडदास हे नाव ऐकून गुजराती वाटावं, पण मुंबईच्या प्रभू मंडळींत तेव्हा अशी नावं सर्रास ठेवत. शिक्षण मुंबईतच सुरू झालं, मग ग्रँट मेडिकल कॉलेज. पुढं विलायतेला जाऊन ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरले. ही सरकारी डॉक्टरांची लष्करी नोकरी. तिची परीक्षा लंडनला व्हायची, त्यामुळं इथल्या पोराला ती द्यायची म्हणजे आधी समुद्र ओलांडायचा, खर्च सोसायचा, अन् परत आल्यावर जातभाईंची तोंडं सांभाळायची. त्या काळात फार थोडे हिंदी लोक तिथवर पोचले. कीर्तिकर पोचले.

नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांना अफगाण युद्धावर जावं लागलं. १८७८ ते १८८० ची ही लढाई. असल्या मोहिमांत गोळीनं जेवढे मरत, त्याहून जास्त आजारानं मरत, अन् डॉक्टरचा बहुतेक वेळ त्यातच जाई. नंतर मुंबई इलाख्यात बदल्या होत राहिल्या. ठाण्याला ते सिव्हिल सर्जन होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलंही.

सिव्हिल सर्जन हे काम बाहेरून मोठं दिसतं. आत बघितलं तर दवाखाना, तुरुंग, पोलिसांकडून येणारी प्रेतं, विषबाधेचे खटले. धोत्र्याचं बी अन्नात घालून वाटसरूंना बेशुद्ध करायचं नि लुटायचं, हा तेव्हाचा नेहमीचा गुन्हा. कण्हेरीचं मूळ, बचनाग, गुंज हेही आलंच. असल्या प्रकरणांत डॉक्टरला कोर्टात उभं राहून पोटात काय गेलं ते सांगावं लागे. झाड ओळखता येत नसेल तर साक्ष काय देणार? कीर्तिकरांना झाडांची ओढ आधीपासून असणार, पण या कामानं तिला धार आली असं म्हणायला हरकत नाही. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबईकडच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली, रंगीत चित्रांसह. शेवाळं नि अळंबी हेही त्यांचे आवडीचे विषय. हिंदी माणसानं बुरशी-अळंबीचा शास्त्रीय अभ्यास करायचा, ही गोष्ट तेव्हा नवीच होती, अन् त्यातल्या पहिल्या काही जणांत त्यांचं नाव येतं.

या सोसायटीबद्दल एक सांगायला पाहिजे. १८८३ साली आठ जणांनी मिळून ती काढली, त्यात हिंदी दोघंच होते : डॉ. आत्माराम पांडुरंग नि डॉ. सखाराम अर्जुन. दोघंही मराठी, दोघंही डॉक्टर. सखाराम अर्जुन हे पुढं गाजलेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. ते वनस्पतीशास्त्रातले जाणकार, देशी औषधांवर त्यांचं पुस्तकही होतं. म्हणजे कीर्तिकर एकटेच कुठून तरी उगवले असं नाही. मुंबईत मराठी डॉक्टरांची एक पिढीच या वाटेनं चालली होती.

त्याहून मागं जायचं तर वाट आणखी लांबते. सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवला, ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅमला छापला. त्यात ७४२ वनस्पती आहेत. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य होता, तसेच रंगभट, विनायक पंडित नि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. या तिघांनी सही करून दिलेलं नागरीतलं कोंकणी प्रमाणपत्र त्या लॅटिन ग्रंथात छापलेलं आहे. गोव्यापासून खाली गेलेल्या या वैद्यांनी सांगितलेलं ज्ञान दोनशे-अडीचशे वर्षं युरोपातून फिरून पुन्हा मुंबईच्या डॉक्टरांच्या टेबलावर आलं, असं झालं ते.

कीर्तिकरांचा दुसरा पाय साहित्यात होता, नि तो काही हौसेपुरता नव्हता. १८८४ साली त्यांचं ‘इंदिरा’ हे काव्य आलं. इंग्रज कवी टेनिसनच्या ‘प्रिन्सेस’ या दीर्घ काव्यावरून ते बेतलेलं. विषय काय, तर बायकांचं शिक्षण. एक राजकन्या पुरुषांना मज्जाव करून फक्त स्त्रियांचं विद्यापीठ काढते, ही मूळ गोष्ट. आता साल बघा. १८८४ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकत होत्या. त्याच साली पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, सुरू झालं. त्याच साली रखमाबाईंवर नवऱ्यानं मुंबईत दावा लावला, अन् सगळा समाज दोन बाजूंना उभा राहिला. अशा वेळी एका सरकारी डॉक्टरनं मराठीत लिहायला टेनिसनचं हेच काव्य निवडलं. निवड अपघातानं झाली असेल, असं मानायला जड जातं.

साहित्याच्या दरबारी त्यांचा मान किती होता, हे १९०९ साली दिसलं. त्याआधीची ग्रंथकारांची संमेलनं पुणे-साताऱ्याकडंच भरत. पहिल्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती रानडे, १८७८ साली. १९०९ चं संमेलन पहिल्यांदा त्या पट्ट्याबाहेर पडलं नि थेट बडोद्याला गेलं, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात. तिथली रयत बहुतेक गुजराती, राजघराणं मराठी. या संमेलनाच्या अध्यक्षपदी कीर्तिकर बसले. त्यांच्या आधी चिंतामणराव वैद्य, अन् नंतरच्या, १९१२ च्या अकोला संमेलनात हरिभाऊ आपटे. म्हणजे मराठी कादंबरीचा सगळ्यात मोठा माणूस ज्या खुर्चीवर बसला, तिच्यावर त्याच्या आधी एक निवृत्त लष्करी डॉक्टर बसला होता. सीमेबाहेरच्या मराठी माणसाला हे बडोद्याचं संमेलन विसरून चालणार नाही. निजामाच्या हैदराबादला असा मान मिळायला १९३१ साल उजाडलं, तिथं अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात किनवट नि राजुराही होते, ते १९५६ साली तुटले.

आता मुख्य गोष्ट. निवृत्तीनंतरचं पुस्तक.

कीर्तिकरांचे जोडीदार मेजर बामनदास बसू. बंगाली माणूस, जन्म १८६७ चा, तोही लाहोरचा. तेही इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, अन् नोकरी मुंबई इलाख्यात. १९०७ साली, चाळिशीतच, ते निवृत्त झाले नि अलाहाबादला भाऊ श्रीशचंद्र बसूंजवळ राहिले. या श्रीशचंद्रांनी पाणिनीच्या अष्टाध्यायीचं इंग्रजी भाषांतर केलं होतं, अन् घरातूनच ‘पाणिनी ऑफिस’ नावाची प्रकाशन संस्था चालवली होती. बामनदासांना औषधी झाडांइतकंच इतिहासाचं वेड. १९२२ साली त्यांनी साताऱ्याच्या गादीवर इंग्रजांनी केलेल्या अन्यायाचा इतिहास लिहिला, तो ‘स्टोरी ऑफ सातारा’. प्रतापसिंह महाराजांची कैफियत एका बंगाली डॉक्टरनं मांडावी, याचं आपल्याकडं फारसं कौतुक झालेलं नाही. व्हायला पाहिजे होतं.

या दोघांनी हाती घेतलेलं काम साधं वाटतं, पण डोंगराएवढं होतं. देशी औषधांवर इंग्रजीत पुस्तकं होती. डायमॉक, वॉर्डन नि हूपर यांची ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ तर १८९० नंतर आलेली, चांगली भरघोस. पण त्या पुस्तकांत चित्रं नव्हती. खेड्यातल्या डॉक्टरनं नुसतं वर्णन वाचून झाड कसं ओळखायचं? पान समोरासमोर की एकाआड एक, फुलाला पाकळ्या किती, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रत्येक झाडाचं चित्र द्यायचं ठरलं. सोबत वर्णन, कुठं उगवतं ते, औषधी उपयोग, अन् निरनिराळ्या भाषांतली नावं : संस्कृत, हिंदी, बंगाली, मराठी, तेलुगू, तमिळ आणि आणखी. आपल्या सीमेवरच्या माणसाला या नावांच्या यादीचं मोल चटकन कळेल. मराठी बिब्बा नि तेलुगू जीडी एकच, हे त्या यादीतून दुरून आलेल्या डॉक्टरलाही समजे. चित्रं हजाराहून जास्त. त्यातली बरीच आधीच्या जुन्या, दुर्मिळ नि महाग ग्रंथांवरून घेतली, हे खरं आहे. त्यावरून कुणी नाक मुरडलं तर मुरडो. ते जुने ग्रंथ मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांत कुलपात होते, इथं ती चित्रं एका ठिकाणी मिळाली.

काळही मोठा कठीण. १९१४ साली महायुद्ध पेटलं, जर्मनीची औषधं बंद झाली, विलायतेची महागली. जवळच्या जंगलात काय आहे, हा प्रश्न मग सरकारलाही पडू लागला. पुस्तक नेमकं या वेळी हवं होतं.

अन् १९१७ साली कीर्तिकर गेले.

पुस्तक १९१८ साली अलाहाबादच्या पाणिनी ऑफिसनं काढलं. ज्याचं नाव पहिलं, त्याच्या हातात ते पडलंच नाही. नाव मात्र बसूंनी पहिलंच ठेवलं. आधी कीर्तिकर, मग आपण. श्रीशचंद्रही १९१८ मध्येच वारले. एका वर्षाच्या आतबाहेर भागीदार गेला नि भाऊ गेला, तरी ग्रंथ बाहेर पडला.

मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर आणखी एक गंमत आहे. लेखक दोन नाहीत, तीन आहेत. पहिले दोन नावानिशी. तिसऱ्याच्या जागी फक्त ‘एक निवृत्त आय.सी.एस. अधिकारी’ एवढंच. नाव नाही. पुढं पुस्तक ‘कीर्तिकर आणि बसू’ असंच ओळखलं गेलं.

मराठीत ज्या शब्दानं आपण कादंबरी म्हणतो, तो शब्द बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या संस्कृत कथेवरून आला. अन् ती कथाच बाणभट्टाकडून अपुरी राहिली, उरलेला भाग मुलानं लिहिला. दुसऱ्यानं लिहिलेला पुढचा भाग म्हटलं की वाचक जरा साशंक असतो. मूळची चव राहिली का, हे बघत बसतो. शास्त्राच्या पुस्तकाचं उलटं आहे. तिथं पुढचा भाग लिहिणाऱ्यानं आधीच्याची चूक झाकली तर तो गुन्हा. कीर्तिकरांच्या पुस्तकाला हेच भाग्य मिळालं.

बसू १९३० साली वारले. १९३३ पासून दुसरी आवृत्ती आली, बसूंच्या घरच्यांनीच काढलेली. ती सुधारायचं काम तिघांकडं होतं : ब्लॅटर, कायस नि म्हसकर. ब्लॅटर हे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे, मूळ स्वित्झर्लंडचे जेझुइट पाद्री नि मोठे वनस्पतीतज्ज्ञ. कायसही जेझुइटच, परळच्या हाफकिन संस्थेत औषधांची तपासणी करणारे. अन् डॉ. म्हसकर आपले मराठी, तेही हाफकिनचेच.

कायस-म्हसकर जोडीनं हाफकिनमध्ये एक वेगळंच काम केलं होतं. देशभर सापाच्या विषावर म्हणून जी झाडपाल्याची औषधं देतात, ती गोळा करायची नि प्राण्यांवर एकेक तपासायची. तीनशेहून जास्त वनस्पती त्यांनी तपासल्या, शिवाय अनेक झाडांची मिश्रणंही. १९३१ साली निष्कर्ष छापला : एकाचाही उपयोग नाही. साप चावण्याआधी देऊन नाही, चावल्यावर देऊनही नाही.

आता अडचण बघा. ज्या पुस्तकाची नवी आवृत्ती हे लोक करत होते, त्यात पानोपानी अमुक मूळ सर्पदंशावर देतात, अशा नोंदी. कीर्तिकर-बसूंनी त्या मनानं लिहिल्या नव्हत्या, लोकांत चालत आलेलं नि जुन्या ग्रंथांत सापडलेलं त्यांनी नोंदवलं होतं. म्हसकरांना दोन वाटा होत्या. नोंदी काढून टाकायच्या, नाहीतर गप्प बसायचं. त्यांनी तिसरी वाट धरली. लोक काय करतात ती नोंद तशीच ठेवली, अन् तिच्या खाली एकेक झाडापुढं लिहिलं, की हे सापाच्या विषावर उतारा नाही. विंचवाचंही तसंच. शेकडो पानांतून हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. वाचणारा कंटाळेल, पण ज्या झाडाचं पान उघडलं तिथं इशारा सापडतो. दवाखान्यातल्या माणसाला दुसरं काय पाहिजे?

सर्पगंधेचंच घ्या. नावातच साप. मूळ सापावर चालत नाही, हे ठरलं. पण १९३१ सालीच कलकत्त्याच्या गणनाथ सेन नि कार्तिकचंद्र बोस यांनी ते मूळ वेड नि वाढलेला रक्तदाब यांवर चालतं असं छापलं, अन् १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी ब्लडप्रेशरवरचे अनुभव लंडनच्या नियतकालिकात दिले, तेव्हा सगळ्या जगाचं लक्ष गेलं. म्हणजे झाड खोटं नव्हतं. त्याला लावलेलं काम खोटं होतं.

आपल्या भागात हा विषय पुस्तकी नाही. पावसाळ्यात कपाशीच्या शिवारात साप चावला की अजूनही काही घरं आधी जडीबुटीवाल्याकडं धावतात, नि रिम्सला पोचेपर्यंत तास निघून जातात. सापावर उतारा म्हणजे इंजेक्शनच, हे डॉक्टर दरवर्षी सांगतात. नव्वद वर्षांपूर्वी हे औषधी झाडांवर प्रेम करणाऱ्या माणसांनीच, औषधी झाडांच्या सगळ्यात मोठ्या पुस्तकात, छापून ठेवलेलं आहे. झाडपाल्याचे शत्रू म्हणून नव्हे. हिरडा-बेहड्याची, गुळवेलीची, पळसाची पानं त्याच पुस्तकात आहेत, नि त्यांचे उपयोगही.

कीर्तिकरांना ही भर पटली असती का, याचं उत्तर आता कुणाकडून मिळणार नाही. पण विषबाधेच्या खटल्यांत जन्म घालवलेला डॉक्टर पुराव्यावर रागावला असता, असं वाटत नाही.

दुसरी आवृत्तीही पुढं संपली. मग देहरादूनच्या प्रकाशकांनी तिच्या प्रती जशाच्या तशा पुन्हा छापल्या, म्हणून आज ती ग्रंथालयांत हाताला लागते. पानं जाड, चित्रं काळीपांढरी, वनस्पतींची लॅटिन नावं बरीच आता बदललेली. संशोधनाच्या निबंधाखाली ‘कीर्तिकर, बसू’ असं अजून लिहितात. लिहिणाऱ्यांतल्या किती जणांना यातला पहिला माणूस मराठी कवी होता हे माहीत असेल, कोण जाणे. अन् १९१८ च्या पहिल्या पानावरचा तो तिसरा लेखक अजून तसाच, बिननावाचा, बसलेला आहे.